संगणकाला ते मराठी आहे हे कधी कळलंच नव्हतं

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मागच्या महिन्यात आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत एक गृहस्थ आले. साठीच्या पुढचे असतील. २००३ किंवा २००४ साली त्यांच्या वडिलांनी जमीन घेतली होती. तेव्हा वकिलांनी आमच्या अंकात जाहीर नोटीस दिली होती, ती 'कोणाची हरकत असल्यास कळवावे, नंतर तक्रार चालणार नाही' वाली. आता भाऊबंदकीचा दावा उभा राहिलाय. समोरचा म्हणतो नोटीस निघालीच नव्हती. कात्रण हरवलेलं, वकील वारलेले, आणि साल नक्की आठवत नाही. "तुमच्याकडं असणारच की, पेपर तुमचाच आहे," ते म्हणाले.

असणारच होतं. पण आमच्या बांधीव फायली तळमजल्यावर होत्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्यांचा लगदा झाला. सीड्या तेवढ्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. सीडीवरची फाइल म्हणजे छापलेला अंक नव्हे हे मलाही माहीत आहे. पण निदान अंकाची तारीख कळली असती, आणि तारीख कळली की छापील अंक कुठे ना कुठे शोधता येतो.

सीडी लावली. सुदैवाने चालली. फाइली दिसल्या, तारखांसकट. एक बातमी वर्डमध्ये उघडली तर पडद्यावर डॉलरची चिन्हं, उद्गारचिन्हं, कंस, उलटेसुलटे अवतरण आणि मधूनमधून डोक्यावर टिंब असलेली परदेशी अक्षरं. मराठीचा एक काना नाही. गृहस्थ माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी विचारलं, "व्हायरस आलाय का?"

व्हायरस नव्हता. फाइल जशी होती तशीच होती, एक बिंदू इकडचा तिकडे झालेला नव्हता. मग असं का दिसलं, त्याची ही हकिगत. मी काही संगणकातला तज्ज्ञ नाही, पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. पण पंचवीस वर्षं या धंद्यात काढल्यावर काही गोष्टी अंगावर येऊन कळतात, आणि उरलेल्या गेल्या महिनाभरात वाचून काढल्या.

आधी एक सांगतो. खिळ्यांच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. छापखान्याने एकदा घेतलेले शिशाचे खिळे मशीन बदललं तरी चालायचे. ट्रेडल गेलं, सिलिंडर आलं, टाइप तोच. झिजला की वितळवायचा. जुना खिळा 'मी या मशीनवर चालणार नाही' असं कधी म्हणाला नाही.

संगणकाच्या बाबतीत मात्र ही कटकट अगदी सुरुवातीपासूनची. १९५९ मध्ये आयबीएमने १४०१ नावाचा संगणक बाजारात आणला. तो हजारोंनी खपला. कंपन्यांनी पगारपत्रकं, बिलं, हिशेब असे ढीगभर प्रोग्राम त्याच्यावर लिहून घेतले. मग ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने सिस्टिम/३६० जाहीर केली. हे यंत्र आतून संपूर्ण वेगळं होतं, जुना प्रोग्राम त्याला कळणार नव्हता. गिऱ्हाईक म्हणणार, सगळं नव्यानेच लिहायचं असेल तर दुसऱ्या कंपनीचं मशीन का घेऊ नये? तेव्हा आयबीएमने ३६० च्या काही मॉडेलांत अशी सोय केली की मशीन हवं तेव्हा १४०१ चं सोंग घेईल. या सोंगालाच इम्युलेटर म्हणतात, आणि संगणकाच्या दुनियेत तो शब्द तिथूनच रूढ झाला. जुन्या मालकाच्या पेढीवर नवीन मुनीम बसवला, पण त्याला जुन्याच वहीची लिपी शिकवून बसवला, असं समजा. यात भूतदया काही नव्हती. जुनं चालत राहिलं तरच गिऱ्हाईक नवीन घेतं, एवढा साधा व्यवहार होता.

पुढे घरोघरीच्या संगणकांत हाच व्यवहार इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने चालवला. १९८५ च्या ३८६ या प्रोसेसरमध्ये इंटेलने अशी सोय ठेवली की एकाच प्रोसेसरच्या पोटात जुन्या ८०८६ चे अनेक अवतार एकाच वेळी नांदू शकतील. त्यामुळे विंडोजच्या खिडकीत डॉसचा प्रोग्राम चालायला लागला. प्रत्येक डॉस प्रोग्रामला वाटायचं, अख्खा संगणक आपलाच आहे.

मग २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं. त्याच्या तयारीच्या गोष्टी वाचण्यासारख्या आहेत. मायक्रोसॉफ्टमधले रेमंड चेन यांनी आठवण लिहून ठेवलीय, की विंडोज ९५ बाहेर पडण्याआधी त्यांच्या एका वरिष्ठांनी दुकानात जाऊन मिळेल त्या प्रत्येक प्रोग्रामची एकेक प्रत विकत आणली आणि टीममधल्या लोकांना वाटून दिली. घरी न्या, चालवून बघा, बिघडलं तर सांगा. आणि सिमसिटी या खेळाचा किस्सा तर मला फार आवडतो. जोएल स्पॉल्स्की यांनी २००४ मध्ये एका लेखात तो सांगितला. सिमसिटीच्या लिहिण्यातच एक चूक होती. मेमरीतली जागा 'सोडली' असं सांगून झाल्यावर लगेच तीच जागा तो पुन्हा वाचायचा. डॉसवर हे खपून जायचं, कारण तिथे दुसरं कोणी त्या जागेवर येऊन बसत नव्हतं. विंडोज ९५ मध्ये मात्र खेळ कोसळायला लागला. चूक खेळाची. पण मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी विंडोजमध्येच खास तजवीज केली, की सिमसिटी चालू आहे असं दिसलं तर सोडलेली जागा लगेच दुसऱ्याला देऊ नका. म्हणजे भाडेकरूने खोली सोडली तरी त्याची परत येण्याची खोड माहीत आहे म्हणून मालकाने कुलूप बदलायचं नाही! दुसऱ्याच्या चुकीसाठी आपल्या घरात सोय करायची, कारण उद्या गिऱ्हाईक म्हणेल 'विंडोज ९५ घेतलं आणि माझा खेळ बंद पडला'.

(ॲपलचा स्वभाव वेगळा. प्रोसेसर बदलताना ते काही वर्षांपुरता दुभाषा देतात आणि मग तो काढून घेतात. २०१९ च्या कॅटलिनापासून ३२ बिटांचे सगळे प्रोग्राम एका दमात बंद. पण आपल्याकडच्या तालुक्याच्या छापखान्यात ॲपल कितीसं होतं, तेव्हा ते राहू दे.)

ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं. त्यात प्रोग्रामवर राइट क्लिक करून 'हा जुन्या विंडोजवर आहे असं त्याला भासव' अशी सोय मिळायची. एक्सपीचं आणि आपल्या डीटीपी सेंटरांचं नातं तर काय सांगावं. लग्नपत्रिका, हँडबिलं, दुखवट्याच्या जाहिराती, ग्रामपंचायतीचे अहवाल, सगळं एक्सपीवर. पण त्याच काळात खाली जमीन सरकत होती. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिटांचे प्रोसेसर आणले. हा प्रोसेसर ६४ बिटांच्या चालीत गेला की ३८६ पासून चालत आलेली ती डॉसला पोटात घेण्याची सोय त्याला वापरता येत नाही. त्यामुळे ६४ बिटांच्या कुठल्याच विंडोजवर डॉसचे आणि १६ बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत. यातली मेख अशी, की नव्वदच्या दशकातले कित्येक प्रोग्राम स्वतः ३२ बिटांचे असले तरी त्यांचा सेटअप १६ बिटांचा असायचा. घर चालेल, पण दाराची किल्ली फिरत नाही.

दुसरी अडचण लॉकची. डीटीपीतली माणसं ओळखतील. सॉफ्टवेअरबरोबर एक बोटभर डबी यायची, ती संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायची. डबी नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही. ही डबी ओळखायला ड्रायव्हर लागतो, आणि ३२ बिटांचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. शिवाय आता नवीन संगणकांना ते पोर्टच नसतं.

मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विंडोज ७ बरोबर एक्सपी मोड दिला, म्हणजे विंडोज ७ च्या पोटात एक आख्खं एक्सपी. पण तो प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांतच. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सांभाळ थांबला. ब्रिटनच्या सरकारने ५५ लाख पौंड मोजून आपल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आणखी एक वर्ष विकत घेतलं. आमच्यासारख्यांनी काही मोजलं नाही, इंटरनेटची वायर काढून टाकली आणि एक्सपी तसंच वापरत राहिलो. डॉसचे प्रोग्राम चालवू शकणारं शेवटचं विंडोज म्हणजे विंडोज १० ची ३२ बिटांची आवृत्ती. तिचाही नेहमीचा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला ३२ बिटांची आवृत्तीच नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल, चला, कंपन्यांनी निदान प्रयत्न तरी केला. केलाच. साठ वर्षांचा हा सगळा खटाटोप वाचताना मलाही कौतुक वाटलं. पण हा खटाटोप प्रोग्राम चालता ठेवण्याचा होता. आपल्या मराठी मजकुराचं काय झालं ते यात कुठेच नाही, आणि का नाही, ते पुण्यात आणि मुंबईत घडलं.

देवनागरी संगणकावर आणायचं काम १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये झालं. त्याचं नाव जिस्ट. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि ते काम तिथे आलं. जिस्टचं कार्ड संगणकात बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेले डॉसचे प्रोग्राम देवनागरीत काम करायचे. म्हणजे जुनं सॉफ्टवेअर न बदलता त्याला मराठी बोलायला लावायचं. विचार अगदी नेमका होता. संगणकाने साठवायची ती वर्णमाला. क, ख, ग, काना, वेलांटी, हलन्त. 'क्ष' कसा दिसतो, अर्धा 'त' कुठे जोडायचा, हे कार्ड बघून घेईल. याच विचारातून इस्की हे भारतीय प्रमाण ठरलं, १९९१ मध्ये सरकारी मानक म्हणून छापून आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला होता. म्हणजे योग्य रस्ता तेव्हाच आखून झाला होता, आणि आपल्या घरात आखून झाला होता.

पण वर्तमानपत्रं त्या रस्त्याने गेली नाहीत, कारण वर्तमानपत्राला पेजमेकर हवा होता. पेजमेकर १९८५ मध्ये अमेरिकेत निघाला तो इंग्रजीसाठी. त्याला वर्णमाला, जोडाक्षर, काही कळत नाही. त्याला फॉन्ट कळतो. आणि तेव्हाच्या फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा. कंपोझिटरच्या केसमध्ये खण असतात ना, तसे २५६ खण, आणि त्यातले बरेच आधीच राखीव. मराठीच्या जोडाक्षरांसकट हे बसवायचं म्हणजे कसरत. मग फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरं फोडली. अर्धा क एका खणात, उभा दांडा दुसऱ्या खणात, पहिली वेलांटी तिसऱ्यात, रफार चौथ्यात. ज्या खणात इंग्रजी ए असायचा तिथे मराठीचा एखादा तुकडा ठेवून दिला. ऑपरेटरने टाइप केलं की पडद्यावर तुकडे शेजारी शेजारी बसून मराठी दिसायची.

दिसायची, एवढंच. संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ओळीने मांडलेला ढीग होता, फक्त त्याला नक्षीदार फॉन्ट लावलेला. मराठीच्या वेशातलं इंग्रजी. संगणकाला ते मराठी आहे हे कधी कळलंच नव्हतं. आणि कुठला तुकडा कुठल्या खणात, हे प्रत्येक कंपनीने आपलंआपण ठरवलं. एकीचा मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये उघडत नसे. खुद्द सी-डॅकलाही डीटीपीसाठी इस्कीच्या जोडीला फॉन्टच्या खणांची वेगळी मांडणी करावी लागली, तिचं नाव आयएसफॉक.

मी यात कोणाला दोष देत नाही. तेव्हा गरज होती आणि त्या लोकांनी ती भागवली. त्या फॉन्टांमुळेच तालुक्या-तालुक्यात मराठी पेपर ऑफसेटवर छापले गेले, नाहीतर आमचा पेपर खिळ्यांबरोबरच बंद पडला असता. पण किंमत नंतर मोजावी लागणार होती.

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आलं, त्यात मंगल फॉन्ट आणि खरी देवनागरी आली. एक्सपीतही होती. पण आपोआप चालू नसायची. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करावी लागायची आणि वर एक्सपीची मूळ सीडी मागायचा. आता सांगा, २००४ साली आपल्यातल्या किती जणांकडे एक्सपीची मूळ सीडी होती? (हसू नका.) आणि खूण केली तरी पेजमेकरला युनिकोड कळतच नव्हतं. २००१ च्या ७.० नंतर ॲडोबीने पेजमेकर पुढे नेलाच नाही, सगळा जोर इनडिझाइनवर दिला, आणि इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय २०१२ च्या सीएस६ पासून. म्हणजे मधली किमान बारा वर्षं खरी मराठी संगणकात होती आणि छापखाना वेशांतरातल्या मराठीत काम करत होता. आमचा त्या काळातला एकूण एक अंक तसाच आहे. तुमच्या गावच्या साप्ताहिकाचा, साखर कारखान्याच्या अहवालाचा, शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूरही बहुतेक तसाच असणार.

आता आमच्या सीडीकडे येतो. आम्ही कुठल्या कंपनीचे फॉन्ट वापरत होतो ते लिहीत नाही, त्याने काही फरक पडत नाही. बातम्या वर्डमध्ये होत्या, पण जाहिराती आणि नोटिसा आमच्याकडे थेट पेजमेकरच्या पानावर टाइप व्हायच्या. फॉन्टच्या सीडीचा सेटअप १६ बिटांचा, विंडोज ११ ने सरळ नकार दिला. पेजमेकरची सीडी सापडली नाही. लॉकची डबी सापडली, पण ती लावायला पोर्ट नाही.

शेवटी आमच्या जुन्या डीटीपी ऑपरेटर ताईंना फोन केला. त्या दहा वर्षांपूर्वी काम सोडून गेल्या. जाताना कचेरीतला एक संगणक त्यांनी भंगारात देऊ दिला नव्हता, मुलाला खेळायला म्हणून घरी नेला होता. मुलगा आता इंजिनिअर होऊन पुण्यात आहे आणि संगणक जुन्या साडीखाली झाकलेला. आम्ही डबी घेऊन त्यांच्या घरी गेलो. मदरबोर्डची बॅटरी मेलेली, त्यामुळे सुरू होताना त्याने तारीख १ जानेवारी २००२ दाखवली आणि एफ१ दाबायला सांगितलं. एक्सपीचा तो आवाज आला. ताईंनी पेजमेकर उघडला, अंक उघडला, आणि मंडळी, आमचं २००३ सालचं पहिलं पान समोर. पाणीटंचाई, टँकरच्या फेऱ्या, आमदारांचा फोटो. हेडलाइनमधली चूकही तशीच. ती मीच केली होती.

शोधायची सोय नव्हती. ताईंना तुकड्यांचा क्रम पाठ आहे, पण प्रत्येक अंक वेगळी फाइल. म्हणून पानं डोळ्यांनीच बघायची. दोन वर्षांचे १०४ अंक. तिसऱ्या दुपारी मे २००४ च्या एका अंकात पान तीनवर, खतांच्या जाहिरातीखाली नोटीस सापडली. गट नंबर, चतुःसीमा, वडिलांचं नाव, सगळं. तारीख घेऊन मी सार्वजनिक वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बाईंनी माळ्यावरचे गठ्ठे काढले. छापील अंक मिळाला, कडेला वाळवी लागलेला, पण पान तीन शाबूत. गृहस्थांनी तो हातात घेतला तेव्हा काही बोलले नाहीत. दाव्याचं काय होईल ते कोर्टाच्या हातात.

बरेच जण म्हणतील, कन्व्हर्टर असतात की, जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या. असतात, मी वापरतोय. पण एकास एक असा हिशेब नसतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराची गत उलटी. तुकडे उचलून जागेवर बसवावे लागतात आणि कन्व्हर्टर चुकतो. त्यात आपला तो 'ऱ्य', डोक्यावर रफार न जाता शेजारी चिकटणारा, हिंदीत तो नाही म्हणून पुष्कळ कन्व्हर्टरांना ठाऊकच नाही. परवा १९९९ च्या एका लग्नसमारंभाच्या बातमीत आचाऱ्यांच्या सत्काराचे आचार्यांचा सत्कार झाला. माणसाने वाचून दुरुस्त केल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि नावं, गट नंबर, आकडे असतील तिथे तर डोळ्यात तेल घालून.

सध्या चाललंय ते असं. दर रविवारी ताईंच्या घरी जातो. एकेका अंकाची पीडीएफ करून पेनड्राइव्हवर घेतो, म्हणजे निदान दिसणं तरी कुठल्याही संगणकावर टिकेल. शब्दाने शोधता येत नाही, ते पुढचं काम. १९९८ ते २००९ असे अंक आहेत, २००३ आणि २००४ संपलेत. गेल्या रविवारी मशीन तिसऱ्या प्रयत्नाला सुरू झालं. हार्डडिस्क खरखर आवाज करते.

म्हणून ही पोस्ट. पेंटियम फोरच्या काळातला, मागे लांबोडकं प्रिंटरचं पोर्ट असलेला, चालू स्थितीतला संगणक कोणाच्या माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, मला इनबॉक्समध्ये कळवा. न्यायला मी स्वतः येतो. हार्डडिस्क आयडीई असेल तर फारच उत्तम. आणि १९९८ ते २००९ मधले आमचे छापील अंक कोणाकडे पेटीत, कपाटाच्या तळाशी अंथरलेले असतील तर तेही सांगा. फोटो काढून परत देईन.